शून्य देवघेवीची यादी : नागपुरातील एका महाविद्यालयीन ग्रंथालयात ग्रंथ बाद करण्याचे प्रकरण

नागपुरातील एका अनुदानित महाविद्यालयाच्या ग्रंथालयात २०२५ च्या उन्हाळ्यात ग्रंथ बाद करण्याचे जे काम झाले, त्याची ही नोंद आहे. मी तेथे ग्रंथपाल असल्यामुळे तीत आलेल्या चुकांपैकी बऱ्याच माझ्या स्वतःच्या आहेत. महाविद्यालयात कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखा असून दाखल रजिस्टरातील शेवटचा क्रमांक चाळीस हजारांच्या पुढे गेलेला आहे, आणि इमारत जुनी असल्याने रॅक वाढवायला जागा उरलेली नाही. २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीचे अभ्यासक्रम बदलले, त्यांच्यासाठी घेतलेली पुस्तके आली, आणि कप्पा मोकळा नसल्याने ती खोक्यांतच देवघेवीच्या, म्हणजे पुस्तके घरी देण्या-घेण्याच्या, टेबलाखाली राहिली. एखाद्या विद्यार्थ्याने नव्या अभ्यासक्रमाचे पुस्तक मागितले की आमचे परिचर गुडघ्यांवर बसून तीन खोकी उपसत असत.

तीन फुटांच्या कप्प्यात मध्यम जाडीची साधारण तीस पुस्तके बसतात. पुस्तक ओढताना कणा फाटू नये आणि नवे पुस्तक विषयाच्या वर्गांकाप्रमाणे मधेच लावता यावे, म्हणून कप्प्याचा निदान पाचवा भाग मोकळा ठेवायचा असतो. आमच्याकडे उभ्या रांगेवर आडवी पुस्तके टाकलेली होती आणि कण्याच्या वरच्या टोकाला बोट घालून पुस्तक ओढण्याच्या सवयीने कितीतरी पुस्तकांची टोपी निघालेली होती. प्राचार्यांनी एप्रिलमध्ये सूचना दिली की, जी पुस्तके कुणी नेतच नाही त्यांची यादी कॉम्प्युटरवरून काढावी आणि सुटी संपायच्या आत ती बाद करून जागा करावी. सूचना सरळ होती आणि मला ती पटलीही. दहा वर्षांत एकदाही देवघेव न झालेल्या पुस्तकांचा अहवाल मी एका दुपारी काढला. तो इतका लांब निघाला की प्रिंटरमधला कागद दोनदा भरावा लागला.

यादी हातात घेऊन पहिल्या रॅकपासून आम्ही पुस्तके खाली उतरवू लागलो, तेव्हा दुसऱ्याच दिवशी परिचरांनी वाणिज्य सांख्यिकीचे एक पुस्तक माझ्यासमोर धरले आणि म्हणाले, "मॅडम, हे कशाले काढता? हे तर पोट्टे रोज काहाडते, इथंच बसून वाचते." मी पुस्तक उघडले. आतली तारीखपट्टी (देवघेवीच्या तारखा टाकायचा कागद) दोन्ही बाजूंनी भरलेली होती, तिच्यावर दुसरी पट्टी चिकटवलेली होती आणि तीही निम्म्याहून अधिक भरलेली होती. उदाहरणसंग्रहाची पाने बोटांच्या घामाने करडी झालेली होती आणि एका पानाच्या कडेला तीन वेगवेगळ्या पेनांनी तेच उत्तर सोडवलेले होते. कॉम्प्युटरच्या यादीत मात्र या पुस्तकापुढे शून्य होते.

हा शून्य कुठून आला, हे शोधायला दोन दिवस गेले, आणि त्या दोन दिवसांमुळेच पुढचे काम निराळे झाले. पहिले कारण असे की, संगणकीकरणाच्या वेळी आम्ही पुस्तकांची नोंद नव्या प्रणालीत चढवली, पण आधीच्या देवघेवीचा इतिहास कार्डांवर आणि तारीखपट्ट्यांवरच राहिला. त्यामुळे तोवर शेकडो वेळा घरी गेलेले पुस्तकही प्रणालीच्या दृष्टीने कोरेच होते. दुसरे कारण असे की, ग्रंथालयात बसून वाचलेल्या पुस्तकाची कुठेच नोंद होत नसे. नागपुरात उन्हाळी परीक्षा आणि पंचेचाळीस अंशांकडे जाणारा पारा एकदमच येतात. त्या दिवसांत अभ्यासिका सकाळपासून भरते, काही अभ्यासासाठी आणि काही कूलरसाठी. विद्यार्थी पुस्तक काढतो, चार तास वापरतो आणि टेबलावर ठेवून निघून जातो. तिसरे कारण प्रतींचे होते. एकाच पुस्तकाच्या सहा प्रती असतील तर जी प्रत कप्प्याच्या कडेला असते तीच वारंवार जाते आणि उरलेल्या पाच प्रती शून्यावर राहतात. म्हणजे प्रती जास्त आहेत हे खरे, पण पुस्तक निरुपयोगी आहे हे खोटे. यादीने दोन्ही गोष्टी एकाच शून्यात घातल्या होत्या.

अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा १९७९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळपास ४० टक्के पुस्तके पुढच्या सहा-सात वर्षांत एकदाही घरी दिली गेली नव्हती, असे त्यात आढळले. हा आकडा ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात ऐकताना फार परिणामकारक वाटतो. आमच्या रॅकसमोर उभी असताना मला त्यात 'घरी दिली गेली' एवढेच शब्द दिसू लागले.

म्हणून यादी बाजूला ठेवून आम्ही आधी मोजणी केली. अभ्यासिकेत पाटी लावली की, वाचून झालेले पुस्तक कप्प्यात परत ठेवू नये, टेबलावरच ठेवावे. संध्याकाळी परिचर ती गोळा करून, प्रत्येकाचा बारकोड वाचून, मगच जागेवर लावत. हा उपाय जुना आणि फुकटचा आहे. आम्ही तो आधी केला नाही, कारण आधी कुणी विचारलेच नव्हते. परीक्षा संपेपर्यंत चाललेल्या या मोजणीत यादीतली बरीच पुस्तके जिवंत निघाली. त्यांत सांख्यिकी, मराठी व्याकरण, हिशेबशास्त्राच्या जुन्या आवृत्त्या आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांच्या उपयोगाचा भारताचा भूगोल अधिक होता. सहसा बाहेर न जाणारी पण रोज उघडली जाणारी ही पुस्तके आमच्या ग्रंथालयाचा कणा आहेत, आणि एप्रिलमधल्या घाईत मी तोच काढायला निघाले होते.

कूलरजवळचा रॅक

मोजणी चालू असतानाच दुसरी एक गोष्ट लक्षात आली, जी देवघेवीशी संबंधित नव्हती. खराब झालेली पुस्तके वेगळी काढताना असे दिसले की, त्यांतली निम्मी-अर्धी एकाच रॅकमधली आहेत. मराठी साहित्याचा हा रॅक खिडकीला लागून होता आणि खिडकीत कूलर बसवलेला होता. आपल्याकडचा कूलर म्हणजे पाण्याने भिजलेल्या वाळ्याच्या किंवा लाकडाच्या किसाच्या पडद्यांतून हवा ओढणारे यंत्र. मे महिन्याच्या कोरड्या हवेत माणसाला तो जितका सुखाचा, तितकाच त्याच्या झोतातल्या कागदाला घातक. झोतातल्या पुस्तकांच्या कडांवर तपकिरी ठिपके पडले होते, दोन पुस्तकांच्या बांधणीतली खळ कसरीने खाल्ली होती, आणि खालच्या कप्प्यातील एका कादंबरीची शेवटची पाने एकमेकांना चिकटून वीट झाली होती. त्याच दालनाच्या दुसऱ्या टोकाला असलेली त्याच काळातली पुस्तके पिवळी आणि ठिसूळ होती, पण ती कागदाच्या आम्लामुळे. ओलाव्याची खूण त्यांच्यावर नव्हती.

ही पुस्तके 'जीर्ण' म्हणून बाद करून त्या जागी नवी लावली असती, तर तीन उन्हाळ्यांनी ती नवी पुस्तकेही जीर्णच झाली असती. म्हणून बाद करण्याच्या कामात आमचा पहिला प्रत्यक्ष खर्च सुताराचा झाला: कूलर अभ्यासिकेच्या बाजूच्या खिडकीत सरकवला, रॅक भिंतीपासून हातभर पुढे घेतला आणि खालचा कप्पा रिकामाच ठेवला. यापैकी कशाचाही उल्लेख मूळ सूचनेत नव्हता.

कुठल्या विषयाला कोणते माप

टेक्सासमध्ये १९७६ साली छोट्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी तयार झालेली, पुस्तके पारखून बाद करण्याची 'क्रू' पद्धत प्रसिद्ध आहे. पुस्तक दिशाभूल करणारे आहे का, दिसायला खराब झाले आहे का, त्याची नवी आवृत्ती आली आहे का, त्यात काही मोल आहे का, आपल्या वाचकाच्या उपयोगाचे आहे का, आणि ते दुसरीकडे सहज मिळते का, असे प्रश्न तीत विचारले जातात. प्रश्न चांगले आहेत. पण ती सार्वजनिक ग्रंथालयांची पद्धत आहे, आणि महाविद्यालयात प्रत्येक विषयाला त्यांतला निराळा प्रश्न महत्त्वाचा ठरतो, हे काम करतानाच कळते.

संगणकाच्या पुस्तकांना पहिला प्रश्न पुरला. फॉक्सप्रो, वर्डस्टार आणि विंडोज ९८ यांच्या पुस्तकांबद्दल कुणी वाद घातला नाही. गणिताला तो प्रश्न लागूच पडत नाही. कलनशास्त्राचे १९६५ सालचे पुस्तक आजही तितकेच बरोबर आहे, आणि अनेकदा नव्यापेक्षा त्यातली उदाहरणे अधिक निवडक असतात. रसायनशास्त्रात ११३, ११५, ११७ आणि ११८ या मूलद्रव्यांना २०१६ मध्ये नावे मिळाली, म्हणून आधीची सगळी पुस्तके काढायची नसतात. भिंतीवरचा तक्ता तेवढा बदलायचा असतो.

खरी कसोटी वाणिज्य आणि कायद्याच्या पुस्तकांत लागली. व्यापारी कायद्याचे १९९८ सालचे एक जाडजूड पुस्तक घ्या. त्यातला भारतीय करार अधिनियम, १८७२ वरचा भाग आजही अभ्यासाला चालतो. वस्तुविक्री अधिनियम, १९३० आणि भागीदारी अधिनियम, १९३२ हेही चालू आहेत. पण त्याच पुस्तकातला कंपनी कायदा १९५६ चा आहे आणि आता २०१३ चा लागू आहे. ग्राहक संरक्षण १९८६ चे आहे आणि आता २०१९ चे आहे. परकीय चलनाचा 'फेरा' कायदा जाऊन 'फेमा' आला. एकाच कव्हरात अर्धे बरोबर आणि अर्धे चुकीचे असलेले हे पुस्तक पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हाती देणे म्हणजे त्याला परीक्षेत पाडणे. अशा पुस्तकांच्या सर्व प्रती आम्ही खुल्या कप्प्यातून काढल्या आणि एक-एक प्रत बंद संग्रहात ठेवली. भारतीय दंड संहितेच्या पुस्तकांचेही तसेच केले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असली, तरी त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागते, त्यामुळे ती वाचायची गरज संपलेली नाही. विक्रीकर आणि मूल्यवर्धित कराची मार्गदर्शके मात्र २०१७ च्या वस्तू व सेवा करानंतर एका प्रतीपलीकडे ठेवण्यात अर्थ नव्हता. आयकराच्या पुस्तकांवर आम्ही काहीच निर्णय घेतला नाही, कारण काम चालू असताना नव्या आयकर कायद्याचे विधेयक संसदेपुढे होते; ऑगस्टमध्ये त्याचा अधिनियम झाला आणि अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठरली. तोपर्यंत १९६१ च्या कायद्याची पुस्तके अभ्यासक्रमात होतीच.

मराठी आणि स्थानिक इतिहासाच्या विभागात मी कॉम्प्युटरची यादी पूर्णच रद्द धरली. हे शहर १९५६ पर्यंत मध्यप्रदेशाची राजधानी होते. त्याआधीच्या मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या काळात येथे छापलेली छोटी पुस्तके, स्मरणिका, गोरक्षणापासून विणकरांच्या सहकारी सोसायट्यांपर्यंतची पत्रके, यांच्यापुढे देवघेवीचा आकडा शून्यच असणार. प्रकाशकाने पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना पाठवाव्यात असे सांगणारा ग्रंथ प्रदान अधिनियम १९५४ चा आहे; त्यानंतरच्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात किंवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत असेल अशी आशा तरी धरता येते, त्याआधीच्या नागपुरी छपाईबद्दल तीही खात्रीने धरता येत नाही. 'दुसरीकडे सहज मिळते का' हा प्रश्न येथे शब्दशः विचारावा लागतो, म्हणजे विद्यापीठाचे ग्रंथालय, विदर्भ साहित्य संघ आणि विदर्भ संशोधन मंडळ येथे चौकशी केल्यावरच. ही चौकशी उन्हाळ्यात पुरी झाली नाही. तोवर ती पुस्तके आम्ही कापडात बांधून पत्र्याच्या पेटीत, डांबराच्या गोळ्या न घालता, ठेवली. गोळ्यांचा वास पुस्तकातून वर्षानुवर्षे जात नाही आणि वाचणाऱ्याचे डोके दुखते.

प्राध्यापक

इंग्रजीत या कामाला शेतातल्या निंदणाचे, म्हणजे तण काढण्याचे, नाव आहे. विदर्भात निंदण म्हणजे काय ते कुणाला सांगावे लागत नाही, पण तुलना मला अपुरी वाटते. तण आपोआप उगवते. ग्रंथालयातले प्रत्येक पुस्तक कुणीतरी मागणीपत्रावर लिहून, समितीपुढे ठेवून, विभागाच्या अनुदानातून आणलेले असते. ते काढताना ज्याने लावले त्याला विचारावे लागते.

विषयनिहाय याद्या विभागांना पाठवून पंधरा दिवसांत हरकती मागवल्या. एकही आली नाही. तेव्हा याद्या सोडून पुस्तकेच तीन टेबलांवर मांडली, प्रत्येकात कागदाची पट्टी घातली आणि प्राध्यापकांना सांगितले की, जे ठेवायचे असेल त्याच्या पट्टीवर आपली सही करून एका ओळीत कारण लिहावे. आता सगळे आले. एका विभागाने टेबलावरचे प्रत्येक पुस्तक सही करून वाचवले आणि प्रत्येकावर 'संदर्भासाठी आवश्यक' असे लिहिले. मी प्रतिवाद केला नाही. ती सर्व पुस्तके त्याच विभागाच्या कपाटात पाठवायची तयारी दाखवली. दुसऱ्या दिवशी त्यांतली तीन-चतुर्थांश परत टेबलावर आली. उलट, निवृत्त झालेले एक प्राध्यापक वनस्पतिशास्त्राच्या टेबलाशी अर्धा तास उभे राहिले आणि त्यांनी एकच पुस्तक उचलले. वर्गीकरणाच्या दृष्टीने ते कालबाह्य होते, पण या भागातल्या वनस्पती कुठे आढळल्या याच्या नोंदी त्यात होत्या. वर्गीकरण बदलते, नोंदी बदलत नाहीत, एवढेच ते म्हणाले. ते पुस्तक माझ्या हातून गेले असते.

भेट आलेल्या पुस्तकांचा प्रश्न वेगळा होता. शहराच्या महाल भागातील एका कुटुंबाने फार पूर्वी दिलेल्या संग्रहात सामान्य क्रमिक पुस्तकेही होती आणि प्रत्येकावर दिवंगत आजोबांच्या नावाची पट्टी होती. आम्ही कुटुंबाला पत्र लिहिले, त्यांनी येऊन काही पुस्तके परत नेली, आणि उरलेल्यांबद्दल लेखी संमती दिली. हे पत्र लिहायला लाजू नये. न लिहिल्यावर जे ऐकावे लागते ते अधिक लाजवणारे असते.

गहाळ आणि बाद

कामाच्या मध्यावर मला एक सल्ला मिळाला, जो अनेक ग्रंथपालांना मिळाला असेल: साठा पडताळणीत जी पुस्तके सापडत नाहीत, तीही याच यादीत घालून एकाच ठरावाने मोकळे व्हावे. मोह मोठा असतो, कारण गहाळ पुस्तकांचा हिशेब मागणारे लेखापरीक्षक समोर दिसत असतात. पण बाद केलेले पुस्तक समितीने हातात घेऊन पाहिलेले असते, आणि गहाळ पुस्तक कुणीच पाहिलेले नसते. ते पाहिले म्हणून सही करणे ही खोटी सही आहे. शिवाय त्याची गरजही नव्हती. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नियम २१५ प्रमाणे वर्षात देवघेव झालेल्या किंवा ग्रंथालयात पाहिलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी वाजवी मानता येते, मात्र ती अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणातून झालेली नसावी. हजार रुपयांवरील किंमतीच्या आणि दुर्मीळ ग्रंथाची चौकशी मात्र झालीच पाहिजे. त्याच नियमात वीस हजारांपर्यंतच्या संग्रहाची पडताळणी दरवर्षी आणि वीस ते पन्नास हजारांच्या संग्रहाची तीन वर्षांतून एकदा सांगितली आहे. आमच्या समितीने हाच आधार धरला आणि गहाळ पुस्तकांची यादी वेगळी, वेगळ्या ठरावाने, केली. ग्रंथालयात वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांची मोजणी येथे अनपेक्षितपणे कामी आली. 'पाहिलेल्या' ग्रंथांचा आकडा नसता तर हजारामागे पाचाचा हिशेब देवघेवीवरच करावा लागला असता.

निर्लेखनाची, म्हणजे पुस्तक हिशेबातून कमी करण्याची, कारकुनी कंटाळवाणी असली तरी तिच्यात कसर चालत नाही. दाखल रजिस्टरात क्रमांक खोडायचा नाही आणि तो पुन्हा दुसऱ्या पुस्तकाला द्यायचाही नाही. शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने 'निर्लेखित', ठराव क्रमांक आणि दिनांक लिहायचा. प्रणालीत नोंद पुसायची नाही, स्थिती बदलायची. पुस्तकाच्या प्रत्येक शिक्क्यावर 'बाद' असा शिक्का मारायचा. हे शेवटचे पाऊल काही वर्षांपूर्वी आमच्याकडे घाईत गळले होते. तेव्हा रद्दीत दिलेले एक पुस्तक एका विद्यार्थ्याने बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जुन्या पुस्तकांत पाहिले, महाविद्यालयाचा शिक्का पाहून ते चोरीचे समजला, स्वतःच्या खिशातून विकत घेतले आणि आमच्याकडे जमा करायला आला. मी त्याचे पैसे परत केले. पुस्तक परत घ्यावे की नाही, यावर मला तेव्हा काही सुचले नव्हते.

या वेळी बाद पुस्तके आधी विद्यार्थ्यांसाठी दोन दिवस मोफत मांडली, मग जी उरली ती दरपत्रके मागवून रद्दीत दिली. एकंदर अठरा कप्पे मोकळे झाले. त्यांतले बहुतेक एकाच क्रमिक पुस्तकाच्या पंधरा-वीस प्रतींनी व्यापलेले होते. जुन्या अभ्यासक्रमाची साक्ष म्हणून प्रत्येकाची एक प्रत ठेवली आहे. एप्रिलच्या अहवालाप्रमाणे चाललो असतो तर याच्या कितीतरी पट जागा झाली असती, हे प्राचार्यांनी बैठकीत नोंदवले, आणि ते खरे आहे.

ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, हे १९३१ साली ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पाचवे सूत्र. वाढीत नवे घेण्याबरोबर जुने टाकणेही येते, हे त्यांनीच स्पष्ट केले होते. नव्या अभ्यासक्रमाची खोकी जून संपता संपता रिकामी झाली. सांख्यिकीचे ते पुस्तक आता अभ्यासिकेतल्या छोट्या रॅकवर आहे. त्याचा कणा बांधून आणला आहे आणि जुन्या दोन्ही तारीखपट्ट्या आत तशाच ठेवल्या आहेत. पत्र्याच्या पेटीतली पत्रके अजून तपासायची आहेत. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून अर्ध्या यादीचे उत्तर आले आहे, आणि त्या अर्ध्यातली अकरा पत्रके तेथेही नाहीत.